टेलिफोनच्या सर्व्हरवरचा पहारा

आमच्या खोलीत एक लोखंडी कपाट आहे. जुना राउटर, अर्धवट कापलेली वायर, एक पाय तुटलेला स्टँड, असं काहीही त्यात पडतं. कारण एकच: "असू दे, लागेल कधीतरी." किश्श्यांचंही असंच होतं. कुणी ठरवून जमवत नाही. रोज एखादा आत पडतो आणि एक दिवस दार उघडलं की सगळे अंगावर येतात! परवा मैत्रिणी जेवायला आल्या होत्या. एकीनं सहज विचारलं, "वर्षा, तू त्या हॉस्पिटलात नक्की करतेस तरी काय?" झालं, कपाट उघडलं. वांग्याची भाजी दोनदा गरम करावी लागली.

तर ऐका. मी यवतमाळच्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात नेटवर्क सांभाळते. सोबतीला राठोड. वायर ओढणं, भिंतीला भोक पाडणं, शिडीवर चढणं ही त्याची कामं. मी सांगते आणि तो करतो, असं माझं म्हणणं. तो करतो आणि मी नंतर सांगते, असं त्याचं.

हॉस्पिटलची वणी, मारेगाव आणि बोरी अरबला छोटी केंद्रं आहेत. पूर्वी साधे फोन होते. मग सगळीकडे इंटरनेटवरचे फोन आले. बोललेल्या आवाजाचे बारीक तुकडे होतात, इंटरनेटवरून जातात आणि पलीकडे पुन्हा जोडले जातात. हे सगळं यवतमाळच्या एका सर्व्हरवर चालतं. तो बसला की चारही ठिकाणचे फोन बसले. अ‍ॅम्ब्युलन्ससाठी येणारे फोनसुद्धा! ते फोन घेतात आमच्या चार ऑपरेटर आणि त्यांच्या मुख्य कमलताई. त्यांची नोकरी सव्वीस वर्षं झाली, सात उरलीत.

मार्चअखेर पुण्याहून नवे प्रशासक साहेब आले. पहिल्याच मीटिंगमध्ये त्यांनी विचारलं, "फोनचा सर्व्हर बंद पडला, तर सगळ्यात आधी कोणाला कळतं?"

सगळे एकमेकांकडे पाहायला लागले. राठोडला खोटं बोलता येत नाही, हा त्याचा मोठा दोष आहे. तो म्हणाला, "पेशंटच्या नातेवाइकाले कळते, साहेब."

साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. म्हणाले, "तीन महिने देतो. प्रत्येक बिघाड नातेवाइकाच्या आधी आपल्याला कळला पाहिजे. एकदा जरी उलट झालं, तरी जूनअखेर टेलिफोनचं सगळं काम नागपूरच्या कंपनीला. करार तयार आहे, फक्त सही बाकी आहे."

म्हणजे आमच्या चारही ऑपरेटर घरी. बाहेर आल्यावर कमलताईंनी माझा दंड धरला. "पोरी, माही खुर्ची तुह्या यंत्राले टांगली हाय. पाहजो बापा."

मी म्हटलं, "ताई, बिनधास्त राहा. सर्व्हरची नाडी दर मिनिटाला पाहणारं यंत्र उभं करते. शिंक आली तरी मला कळेल!"

आणि दहाव्या दिवशी उभं केलं. उगाच नम्रपणा कशाला? झकास झालं होतं. भिंतीवर मोठा स्क्रीन, त्यावर चार ठिकाणांचे दिवे. ठीक असेल तर हिरवा, गडबड असेल तर पिवळा, बंद पडलं तर लाल.

* * *

सूचना कोणाला पाठवायच्या? साहेब म्हणाले, "सगळ्यांना." मग मी यंत्र हॉस्पिटलच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपलाच जोडलं. डॉक्टर, सिस्टर, एक्स-रेवाले, स्वयंपाकघर, सगळे त्यात. आदल्या संध्याकाळी मी ग्रुपवर टाकलं, "उद्यापासून नवीन सेवा सुरू होत आहे." सगळ्यांनी टाळ्यांची चित्रं पाठवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला पहिली सूचना आली: "मारेगाव केंद्राचा संपर्क तुटला आहे."

मी चहा तसाच सोडला. राठोडला मोटरसायकल काढायला लावली. तिथल्या डॉक्टरांच्या मोबाइलवर फोनावर फोन लावले. लागेना! वीस मिनिटं अशी गेली. घाम पुसत ग्रुप उघडला, तर एक्स-रेच्या वानखडे सरांनी लिहिलं होतं, "हार्दिक अभिनंदन." खाली ओपीडीच्या सिस्टर: "अभिनंदन आणि पुढील वाटचालीस शुभेच्छा." खाली आणखी अकरा जणांची अभिनंदनं, दोन पुष्पगुच्छ. पहिल्यानं जे लिहिलं, तेच पुढच्यांनी लिहिलं. वरचं वाचलं होतं कुणी?

तेवढ्यात मारेगावची वीज आली आणि दिवा हिरवा झाला. तिथल्या डॉक्टरांचा फोनही सुरू झाला असावा. कारण ग्रुपवर लगेच त्यांचा मेसेज आला: "सर्वांचे मनःपूर्वक आभार!"

दुपारी मी सूचनांचा वेगळा ग्रुप केला. त्यात मी, राठोड आणि साहेब, एवढेच.

* * *

वणीचा दिवा रोज दुपारी दोनच्या सुमारास लाल व्हायचा. बरोबर पंधरा-वीस मिनिटं, मग आपोआप हिरवा. इंटरनेटवाले म्हणायचे, लाइन चांगली आहे. वीजवाले म्हणायचे, वीज गेलीच नाही. रोज ठरलेल्या वेळेला आजारी पडणारं यंत्र मी पहिल्यांदाच पाहत होते.

शेवटी राठोड आणि मी वणीला गेलो आणि गुपचूप केंद्रात बसलो. पावणेदोनला तिथले शिपाई विठ्ठलमामा उठले. त्यांनी आधी भिंतीवरच्या देवाच्या तसबिरी उतरवल्या. मग टेबलावरचा काचेचा ग्लास खाली ठेवला. मग स्टुलावर चढले, राउटरच्या दोन्ही वायरी काढल्या, राउटर खांद्यावरच्या दुपट्ट्यात गुंडाळला आणि कोपऱ्यातल्या गोधडीवर हळूच ठेवला.

मी काही बोलणार, तेवढ्यात जमीन हादरली. धडाम! खिडक्यांच्या काचा थरथरल्या. कोळशाच्या खाणीत सुरुंग उडाला होता. थोड्या वेळानं दुसरा. मामांनी कान देऊन खात्री केली आणि सगळं परत वर चढवायला घेतलं. आधी देव, मग राउटर.

"मामा, हे काय?"

"ब्लास्टिंगची येळ हाय ना जी. आमच्या घरी बी फळीवरच्या कपबशा उतरवतेत. हे तं दवाखान्याची वस्तू. पडली-बिडली म्हंजे?"

"किती दिवसांपासून करताय?"

मामांची मान ताठ झाली. "बसवला तवापासून. एक दिवस खाडा नाही!"

वणीत हे सगळ्यांनाच माहीत होतं, त्यामुळे कुणी आम्हाला सांगितलं नव्हतं. राठोडनं राउटर स्क्रूनं भिंतीला असा पक्का केला, की भिंत पडली तरच तो पडेल. मामांना सगळं समजावून सांगितलं. त्या दिवसापासून वणीचा दिवा सरळ हिरवा.

महिन्याभरानं मी मुद्दाम दुपारी दोनला फोन केला. "मामा, आता वायर काढत नाही ना?"

"नाही जी, कायले काढू? नुसता हात ठेवून बसतो. त्याले धीर वाटते."

* * *

एकदा कमलताई माझ्या खोलीच्या दारात येऊन म्हणाल्या, "पोरी, मारेगावचा आवाज ओला येऊन राह्यला."

मी स्क्रीन दाखवला. "ताई, हिरवा आहे. यंत्र म्हणतं सगळं ठीक."

"यंत्र म्हणत असन. आवाज ओलाच हाय."

त्या गेल्या आणि चार मिनिटांनी मारेगावचा दिवा पिवळा झाला. आवाजाचे तुकडे वाटेत गळत होते. योगायोग म्हणून सोडून दिलं. पुढच्या आठवड्यात परत तेच. तिसऱ्यांदा तर त्या उठून आल्याही नाहीत, तिकडूनच ओरडल्या, "ओला!" मी घड्याळ लावून बसले. चार मिनिटं!

मला राग आला. स्वतःचाच आला. सगळं उघडून पाहिलं, तेव्हा कळलं, की मी पाच मिनिटांची सरासरी काढून दिवा रंगवत होते. थोडे तुकडे गळले, तर सरासरीत ते दिसायला वेळ लागायचा. ताई सरासरी काढत नव्हत्या, ऐकत होत्या. मी पाचाचं एक मिनिट केलं. मग त्यांच्याशेजारी दोन दिवस बसून वही काढली. तुकडे गळले की आवाज "ओला", उशिरा पोचले की "डब्यातला", मागेपुढे झाले की "बोबडा". प्रत्येकाला यंत्रात आकडा दिला. शिवाय ताईंच्या टेबलावर एक बटण बसवलं. आवाज बिघडला की दाबायचं, ग्राफवर खूण उमटते. यंत्राच्या यादीत तापमान आणि वीज यांच्यामध्ये नाव टाकलं: कमलताई.

महिन्याचा अहवाल वाचताना साहेब त्या ओळीवर थांबले. "हा सेन्सर कोणत्या कंपनीचा?"

राठोड म्हणाला, "लोकल हाय साहेब. पण सात वर्षांची वॉरंटी हाय!"

साहेब हसले नाहीत. "माणसाच्या कानाची खात्री कोण देणार? मला यंत्राचं सांगा." कमलताई दारातच उभ्या होत्या. त्यांनी ऐकलं आणि जागेवर जाऊन बसल्या. त्या दिवशी मी त्यांच्यासाठी चहा घेऊन गेले, तर म्हणाल्या, "पोरी, कानाची खात्री म्या द्याची का कानानं?"

* * *

आता माझी फजिती. दुसऱ्याची सांगायची आणि आपली लपवायची, हे काही बरं नाही.

मेच्या पहिल्या आठवड्यात साहेबांनी सगळ्या विभागप्रमुखांना बोलावलं आणि मला यंत्र समजावून सांगायला सांगितलं. मी फॉर्मात! कमलताईंच्या आवाजात एक निरोप रेकॉर्ड केला होता: "मुख्य सर्व्हर बंद पडला आहे. वर्षा मॅडम, ताबडतोब या." तो सगळ्यांना ऐकवला. म्हटलं, "आता रात्र असो, दिवस असो, मी कुठेही असो. सर्व्हर बंद पडला, की यंत्र स्वतः मला फोन करून हा निरोप सांगेल!"

माना डोलल्या. वानखडे सरांनी टाळी वाजवली. साहेबसुद्धा "उत्तम" म्हणाले.

शांताबाई चहा वाटत होत्या. कप माझ्यासमोर ठेवता ठेवता त्यांनी विचारलं, "बाई, फोनची मशीनच बंद पडली, तं थे बंद पडली म्हून फोन कसा येईन व?"

खरंच की! तो निरोप ज्या सर्व्हरवरून येणार, तोच सर्व्हर बंद पडल्याचा निरोप होता. हे मी, पदवी घेतलेली, पुण्यात सहा वर्षं नोकरी करून आलेली बाई, तीन आठवडे बसून बनवलं होतं! साहेबांनी वहीत काहीतरी लिहिलं. काय लिहिलं, ते मी आजवर विचारलेलं नाही.

संध्याकाळपर्यंत मी सिमकार्डाचं एक वेगळं डबडं जोडलं. सर्व्हर मेला तरी ते मोबाइलच्या टॉवरवरून मेसेज पाठवतं. तीनदा सर्व्हर बंद करून पाहिलं, तीनदा मेसेज आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी राठोड दारात उभा. चेहरा एकदम सरळ. "मॅडम, आणखी काही तपासून घ्यायचं असन तं सांगा. शांताबाई आता रिकामी हाय."

* * *

बोरी अरबची लाइन आठवड्यातून एकदाच तुंबायची, बाजाराच्या दिवशी. अकराला पिवळी व्हायची आणि संध्याकाळी मोकळी. केंद्रात कॉम्प्युटर एक, फोन दोन. एवढं इंटरनेट पितं कोण?

बाजाराच्या दिवशी गेले. केंद्राच्या आवारात कडुलिंबाखाली तीस-चाळीस माणसं बसलेली. पिशव्या बाजूला, माना खाली, प्रत्येकाच्या हातात मोबाइल. शेजारी प्रमिला सिस्टरांची पाणपोई, दोन मोठे माठ, ओलं कापड गुंडाळलेले. आणि माठाच्या वर, भिंतीवर, खडूनं, ठळक अक्षरांत, केंद्राच्या वायफायचा पासवर्ड!

"सिस्टर, हे असं उघड्यावर लिहायचं नसतं!"

सिस्टर चकित झाल्या. "काहून जी? लोकं उन्हातानाचे येतेत. पानी मांगतलं तं देतो. हे मांगतलं तं नाही म्हनाव का?"

"अहो, पण त्यामुळे अ‍ॅम्ब्युलन्सचे फोन अडकतात."

हे ऐकल्यावर मात्र त्यांनी स्वतः ओल्या फडक्यानं भिंत पुसली. पण तोंड एवढंसं झालं. मलाच वाईट वाटलं. मग मी पाहुण्यांसाठी वेगळं वायफाय काढून दिलं, बारीक धारेचं. फोनचा रस्ता पूर्ण वेगळा. लाइन मोकळी झाली.

आठ दिवसांनी सिस्टरांचा फोन. "मॅडम, थे वायफाय चालते. पन लय हळू. पाहुन्याले अर्धा कप चहा देल्यावानी वाटून राह्यलं."

आता याला काय म्हणाल? ओपीडी चारला बंद होते. चारनंतर मी धार मोठी केली. भरलेला कप!

* * *

मे महिन्यात सर्व्हरच्या खोलीतला एसी बंद पडला. मेकॅनिक म्हणाला तीन दिवस लागतील. मे महिन्यातले यवतमाळचे तीन दिवस! राठोडनं वॉर्डातला एक कूलर उचलून आणला, त्याला नव्या वाळ्याच्या ताट्या लावल्या, पाणी भरलं आणि सुरू केला. तापमानाचा दिवा तासाभरात हिरवा. मी खूश.

दुपारी दमटपणाचा दिवा लाल झाला. जाऊन पाहते तर दार सताड उघडं, वाळ्याचा घमघमाट, सर्व्हरच्या कपाटावर पाण्याचे थेंब आणि कपाटासमोर सतरंजी टाकून सात जण डबे खात बसलेले. वानखडे सरांच्या डब्यात आमरस. "या मॅडम, बसा!"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात मागून साहेब आले. त्यांच्या मोबाइलवरही सूचना गेली होती. सगळे डबे हातात धरून उभे राहिले. साहेब कूलरसमोर थांबले. शर्टाची कॉलर जरा सैल केली. एक मोठा श्वास घेतला.

"हा कूलर इथून ताबडतोब काढा," ते कडक आवाजात म्हणाले.

राठोडनं वायर काढली.

"आणि माझ्या केबिनमध्ये ठेवा."

* * *

आता शेवटचा. जूनचा शेवटचा दिवस.

तोवर यंत्रानं अकरा बिघाड पकडले होते. अकराही नातेवाइकाच्या आधी! मी तक्ता छापून साहेबांपुढे ठेवला. छाती पुढे काढून ठेवला म्हटलं तरी चालेल. साहेबांच्या हातात नागपूरच्या कंपनीचा करार होता. सहीची मुदत संध्याकाळपर्यंत होती.

तक्ता दोनदा वाचून ते म्हणाले, "चांगलं आहे. पण हे बिघाड तुमच्या ओळखीचे झालेत. एक बिघाड मी करून पाहतो. कधी आणि कुठे, ते सांगणार नाही."

मी म्हटलं, "करा साहेब. फक्त अ‍ॅम्ब्युलन्सचा फोन चालू नसताना करा."

"त्याची लाइन वेगळी असेल ना?"

"नाही साहेब, सगळं त्याच एका—" पण तेवढ्यात त्यांना दुसरा फोन आला आणि ते बोलत बोलत बाहेर गेले. मी मागे जाऊन वाक्य पूर्ण करायला हवं होतं. केलं नाही.

दुपारी बाराच्या सुमारास माझा स्क्रीन लाल झाला. चारही दिवे एकदम! त्याच क्षणी सिमकार्डाच्या डबड्याचा मेसेज आला. मी ओरडले, "राठोड, मुख्य वायर!" तो सर्व्हरच्या खोलीकडे धावला. साहेब तिकडूनच येत होते. एका हातात करार, दुसऱ्या हातात मोबाइलवरचं घड्याळ. चेहऱ्यावर कौतुक. "बावन्न सेकंद! छान."

आणि मग आम्हा दोघांना टेलिफोनच्या खोलीतून कमलताईंचा आवाज ऐकू आला.

बोरी अरबच्या अलीकडच्या एका शेतातून फोन आला होता. एक बाई सरकी टोबत, म्हणजे कपाशीचं बी लावत असताना तिला साप चावला होता. नवरा रस्ता सांगत होता, तेवढ्यात साहेबांनी वायर ओढली. फोन कट. ताईंच्या समोरचा स्क्रीन काळा. पण फोन उचलला, की आधी समोरचा नंबर वहीत लिहायचा आणि मग नमस्कार म्हणायचा, ही ताईंची सव्वीस वर्षांची सवय. माझ्या यंत्राला बिघाड कळायच्या आत त्यांनी स्वतःच्या मोबाइलवरून तो नंबर लावलासुद्धा होता.

आम्ही दारात पोचलो तेव्हा त्यांच्या एका कानाला तो मोबाइल होता आणि दुसऱ्या कानाला शेजारच्या ऑपरेटरचा. त्यावर कॅज्युअल्टीचे डॉक्टर होते. अ‍ॅम्ब्युलन्सचा ड्रायव्हर गणेश खिडकीतून मारलेली हाक ऐकून आला होता. किल्ली त्याच्या हातात होती.

"हो भाऊ, कटला होता. आमच्याकडूनच कटला. घाबरू नको. तिले चालू देऊ नको, पाय हलवू देऊ नको. घट्ट काही बांधू नको. आता सांग, रोडपासून कसं याचं?"

दोन्ही हात अडकलेले. ताईंनी मान वळवली. सगळ्यात जवळ साहेब उभे होते.

"लिहा!"

साहेबांनी मागे वळून पाहिलं, दुसऱ्या कुणाला सांगतायत का म्हणून.

"लिहा ना जी! काय पाहून राह्यले?"

साहेबांनी खिशातलं पेन काढलं. हातात कागद एकच होता. त्यांनी तो उलटा केला, भिंतीला टेकवला आणि लिहायला लागले. ताई एकेक शब्द सांगत होत्या. "दारव्हा रोड. बोरीच्या अलीकडं, पुलाच्या पहिले, उजव्या हाताची पांदण, बैलगाडीची वाट. पांदणीनं शेवटपर्यंत नाही जाचं, गाडी फसन. सिंदीचं झाड लागलं, की थांबाचं. तिथून धुऱ्यानं, बांधावरून, पायी. लाल लुगडं काठीले बांधून मानूस उभा हाय."

"सिंदीचं झाड म्हणजे कसं असतं?" साहेबांनी विचारलं.

"गनेशले माहीत हाय. तुमी लिहा."

शेवटचा शब्द लिहून झाला न झाला, तोच गणेशनं साहेबांच्या हातातून कागद ओढला आणि पळत सुटला. गाडी फाटकाबाहेर गेल्याचा आवाज आला. साहेबांचा हात तसाच भिंतीला टेकलेला होता.

ताई फोनवर सांगत होत्या, "निघाली बरं गाडी. फोन ठेवू नको, म्या बोलत राह्यते. नाही भाऊ, तुह्यावर कोन रागावन? थे एक साहेब हायेत आमचे. नवीन हायेत. पन अक्षर चांगलं हाय."

दीड तासानं गणेशनं त्या बाईला आणलं. औषध सुरू झालं. संध्याकाळी सहाला डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, धोका टळला. मी रडले, हे लपवण्यात काही अर्थ नाही. साहेब तोपर्यंत त्याच खोलीत स्टुलावर बसून होते. शांताबाईंनी दिलेला चहा त्यांच्या हातात गार झाला होता.

जायच्या आधी मी तक्ता पूर्ण केला. बारावा बिघाड. सगळ्यात आधी कोणाला कळला? फोन त्या नवऱ्याच्या कानातच कटला होता, खोटं कसं लिहू? लिहिलं, "नातेवाइकाला." आणि तक्ता साहेबांच्या टेबलावर ठेवला. अटीप्रमाणे आम्ही हरलो होतो. कमलताईंनीही तो वाचला आणि आपली पर्स भरून, वही खणात ठेवून घरी गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी गणेश साहेबांच्या केबिनमध्ये आला. मी तिथेच होते. त्यानं खिशातून चार घड्या घातलेला कागद काढला. कडेला चिखल लागलेला. "साहेब, तुमचा कागद. घाईत घेऊन गेलतो."

साहेबांनी घड्या उलगडल्या. एका बाजूला कंपनीचा करार होता, खाली सहीची जागा रिकामी. दुसऱ्या बाजूला त्यांच्या स्वतःच्या अक्षरात पूल, पांदण, सिंदी आणि लाल लुगडं. ती बाजू त्यांनी सावकाश वाचली. मग कागद पुन्हा होता तसा घडी घालून गणेशच्या हातात दिला.

"हा गाडीतच असू द्या," ते म्हणाले. "तो रस्ता नकाशात नाही."